तेलकट पाण्याला साबणाचा उपाय आहे, पण पुढे मेम्ब्रेन असेल तरच

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

आमच्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय की विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर त्यात दोन मुठी डिटर्जंट पावडर टाका, काठीने ढवळा, तवंग जातो, मग थोडं पाणी उपसून टाकून बाकीचं वापरा. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी फोंडा तालुक्यातली, बरीच वर्षं एका कारखान्याच्या ईटीपीवर म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर केमिस्ट म्हणून काम केलंय, त्यामुळे तेल, पाणी आणि साबण एकत्र आले की काय होतं ते रोजच्या रोज बघितलंय. तवंग जातो हे खरं आहे. तेल जात नाही. ते पाण्यातच राहतं, फक्त दिसायचं बंद होतं, आणि हे जास्त धोक्याचं आहे कारण तवंग दिसत होता तोवर निदान कोणी ते पाणी तोंडाला लावत नव्हतं. वर आता त्यात डिटर्जंट पण आलं. कृपा करून कोणी हा मेसेज पुढे पाठवू नका.

पण त्या मेसेजमधली अर्धी गोष्ट बरोबर आहे आणि मला खरं तर त्याबद्दलच बोलायचंय. साबणासारखे पदार्थ, ज्यांना आम्ही सर्फॅक्टंट म्हणतो, ते पाण्यात विरघळलेलं इंधन, फिनॉल नावाचं विषारी रसायन, रंग, सॉल्व्हंट म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारी द्रव्यं, असले सेंद्रिय म्हणजे कार्बनयुक्त पदार्थ पकडतात. आणि त्यांच्यापुढे योग्य मेम्ब्रेन, म्हणजे अगदी बारीक भोकांचा गाळणारा पडदा, लावलं तर पकडलेला माल पाण्यातून बाहेर काढता येतो. ह्या पद्धतीला मायसेलर एन्हान्स्ड अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात, नाव लांबलचक आहे, काम समजायला सोपं आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात डन, स्केमहॉर्न आणि ख्रिश्चन ह्या तिघांनी १९८५ मधे ह्यावर पेपर छापला होता, म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही. मी जितके प्लांट आतून बघितले तिथे मला ही पद्धत कुठे दिसली नाही, आणि गोव्यासारख्या छोट्या राज्यात, जिथे कारखाना, वस्ती, शेत, नदी सगळं एकमेकांना चिकटून आहे, तिथे तिचा विचार तरी व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गोव्यातच का, तर आठवून बघा. २०२३ च्या जानेवारीत पिळर्णला रंगाच्या कारखान्याला मोठी आग लागली, आग विझवायला जे पाणी मारलं ते कुठे झिरपलं हा प्रश्न तेव्हाही लोकांच्या मनात होताच. त्याच वर्षी पावसात दाबोळी-चिखली भागात विहिरींमधे आणि शेतात पेट्रोलियम उतरलं. २०१९ च्या ऑक्टोबरमधे नाफ्ता म्हणजे पटकन पेटणारं हलकं तेल भरलेलं जहाज मुरगाववरून वाहवत येऊन दोनापावलाजवळ अडकलं, नशीब म्हणून पुढचं काही झालं नाही. दरवर्षी पावसाच्या आधीपासून किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात ते वेगळेच. आणि हे सगळं झालं बातम्यांमधलं. रोजचं जे चालतं ते बातमीत येत नाही, मांडवी आणि झुआरीच्या काठचे बार्ज दुरुस्तीचे वर्कशॉप, बोटींच्या तळाचं तेलकट बिल्ज पाणी, औषध कंपन्यांचे सॉल्व्हंटवाले धुण्याचे पाणी, गॅरेज, काजूचे कारखाने. काजूच्या टरफलातलं तेल म्हणजे सगळे फिनॉलच्याच जातीचे पदार्थ, ॲनाकार्डिक ॲसिड, कार्डॉल, कार्डॅनॉल, ज्यांनी टरफलं फोडलीत त्यांचे हात बघितले तर ते तेल काय चीज आहे ते कळतं, आणि ज्या पाण्यात ते उतरतं ते पाणी कुठल्या ना कुठल्या व्हाळाला म्हणजे ओढ्यालाच जाऊन मिळतं.

आता अशा पाण्यावर आपण नेहमीचे उपाय करतो ते का चालत नाहीत ते सांगते, कारण ह्यात लोकांचा खूप गोंधळ असतो. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेलं इंधनातलं बेंझिन किंवा फिनॉल बसत नाही. क्लोरीन जंतूंसाठी आहे, आणि पाण्यात फिनॉल असताना क्लोरीन टाकलं तर क्लोरोफिनॉल तयार होतं, त्याचा हॉस्पिटलसारखा वास आणि चव अगदी बारीक प्रमाणात पण लागते, म्हणून तर पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मधे, फिनॉलची मर्यादा लिटरला फक्त ०.००१ मिलिग्राम इतकी कडक ठेवलीय. उकळणं तर इंधनवाल्या पाण्याच्या बाबतीत सरळ धोक्याचं, बेंझिन टोल्युइन उडून स्वयंपाकघराच्या हवेत येतं आणि शेजारी गॅस पेटलेला असतो. राहिलं घरचं आरओ. आरओ मीठ, क्षार चांगले अडवतं, पण फिनॉलसारखे छोटे आणि चार्ज नसलेले रेणू त्यातून बऱ्यापैकी पार होतात, त्यात जे काय अडतं ते जास्त करून कार्बनच्या कार्ट्रिजमधे, आणि ते कार्ट्रिज कधी भरलं ते घरच्या माणसाला कळायला मार्ग नाही. जोरात इंधन उतरलेल्या विहिरीवर घरचं आरओ लावून निर्धास्त राहू नका एवढंच म्हणेन.

मग सर्फॅक्टंट काय वेगळं करतं. सर्फॅक्टंटच्या रेणूला एक डोकं असतं ज्याला पाणी आवडतं आणि एक लांब शेपूट असतं ज्याला तेल आवडतं. पाण्यात थोडे रेणू टाकले तर ते सुटे सुटे फिरतात. टाकत गेलं की एका ठराविक प्रमाणानंतर ते आपोआप गोळा व्हायला लागतात, शेपट्या आत, डोकी बाहेर, ह्या गोळ्याला मायसेल म्हणतात. बांगडे तळलेला तवा साबणाने धुताना तेल पाण्याबरोबर निघून जातं ते ह्याच कामामुळे, तेल ह्या गोळ्यांच्या पोटात जाऊन बसतं. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय रेणू पण तसेच आत जाऊन बसतात, ज्याला पाणी जितकं कमी आवडतं तितका तो आत जास्त जातो.

आता आकडे बघा म्हणजे सगळं स्पष्ट होईल. फिनॉलच्या रेणूचं वजन ९४, बेंझिनचं ७८. आणि सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे आपल्या शाम्पू टूथपेस्टच्या पाकिटावर सोडियम लॉरिल सल्फेट म्हणून लिहिलेलं असतं ते, त्याचे साधारण साठेक रेणू मिळून एक मायसेल होतं, त्याचं वजन होतं १७-१८ हजार. बाजारात १० हजार वजनाच्या वरचं सगळं अडवणारी अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेन मिळतात. नुसतं फिनॉलचं पाणी ह्या मेम्ब्रेनवर सोडलं तर फिनॉल आरामात पार. तेच फिनॉल मायसेलच्या आत बसलेलं असेल तर मायसेल अडतं आणि त्याच्याबरोबर फिनॉल पण अडतं. लहान रेणूला मोठ्या गाडीत बसवून गेटवर थांबवलं, एवढंच तत्त्व आहे. ओक्लाहोमाच्या त्या प्रयोगात ४-टर्ट-ब्युटाइलफिनॉल नावाचा पदार्थ सेटिलपिरिडिनियम क्लोराईड वापरून ९९ टक्क्यांच्या वर अडवला गेला होता. साधं फिनॉल इतकं चांगलं अडत नाही कारण त्याला पाणी पण बऱ्यापैकी आवडतं, त्यामुळे कोणी सगळ्यालाच ९९ टक्के म्हणून विकायला आला तर त्याला विचारा की कुठल्या पदार्थाला.

दुसरा फायदा प्रेशरचा. समुद्राच्या पाण्याचं आरओ चालवायला साधारण ५५ ते ७० बार प्रेशर लागतं, अल्ट्राफिल्ट्रेशन दोन ते पाच बारवर चालतं, म्हणजे पंप लहान, वीज कमी, पाइपिंग स्वस्त. शिवाय जाता जाता सांगायचं तर, ऋण चार्जचं सर्फॅक्टंट घेतलं तर शिसं, तांबं असले धातू पण मायसेलच्या बाहेरच्या बाजूला चिकटून येतात, म्हणजे धातू आणि सेंद्रिय दोन्ही एकाच फेरीत.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मग उद्याच प्रत्येक नळावर लावा. नको, अजिबात नको, आणि ह्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे असं समजा. मायसेल अडतं पण सुटे रेणू अडत नाहीत. मायसेल व्हायला ज्या प्रमाणाची गरज असते तेवढं सर्फॅक्टंट पाण्यात सुटं असतंच आणि ते मेम्ब्रेनमधून पार होतं. सोडियम डोडेसिल सल्फेटच्या बाबतीत हे प्रमाण लिटरला जवळजवळ २.३ ग्रॅम आहे, म्हणजे २३०० मिलिग्राम. आणि पिण्याच्या पाण्यात असल्या डिटर्जंटची मर्यादा आयएस १०५०० प्रमाणे ०.२ मिलिग्राम, दुसरा पाण्याचा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १. दहा हजार पटीच्या वर फरक आहे! म्हणजे एक घाण काढायला गेलो आणि दुसरी घालून बसलो असं होऊ शकतं. सेटिलपिरिडिनियम क्लोराईडचं प्रमाण बरंच कमी, लिटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास, माउथवॉशमधे असतं तेच हे, पण धन चार्जचे सर्फॅक्टंट माशांना आणि पाण्यातल्या बारीक जीवांना विषारी असतात, आणि आपल्याकडे पाणी शेवटी खाजनात म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीत, मानशीत म्हणजे तिथल्या पाण्याच्या दारात, तिसऱ्या-खुब्यांच्या जागेत जाणार आहे हे विसरून कसं चालेल. नॉनिऑनिक म्हणजे चार्ज नसलेल्या जातीचे सर्फॅक्टंट फार कमी प्रमाणात मायसेल करतात, मिसळून वापरले की गळती कमी होते, चांगलं आहे, पण त्यातली नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट जात कटाक्षाने टाळायला पाहिजे कारण ती तुटून नोनिलफिनॉल होतं जे माशांच्या हार्मोनमधे ढवळाढवळ करतं, युरोपने २००३ मधेच त्याच्या वापरावर निर्बंध घातलेत.

म्हणून माझं म्हणणं असं की ही पद्धत पिण्याच्या पाण्याच्या नळावर लावायची नाहीच. ती लावायची घाण जिथे जन्माला येते तिथे, कारखान्याच्या आत, ज्या एका लाइनमधून फिनॉलवालं किंवा सॉल्व्हंटवालं कडक पाणी निघतं त्याच लाइनवर, ते पाणी बाकी सगळ्या पाण्यात मिसळायच्या आधी. आणि मेम्ब्रेनमधून निघालेल्या पाण्याला मग कार्बन किंवा जैविक प्रक्रिया ठेवायची जी सुटं सर्फॅक्टंट खाऊन टाकेल, सोडियम डोडेसिल सल्फेट जिवाणू सहज खातात, त्यामुळे एरेशन टँकला म्हणजे हवा सोडून जिवाणू पोसायच्या टाकीला ते जड जात नाही, फक्त फेसाकडे लक्ष ठेवावं लागतं. आमच्या धंद्यात एक वाईट सवय आहे ती पण सांगायला पाहिजे, कडक पाणी साध्या पाण्यात मिसळून पातळ करायचं आणि मग सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण मोजायचा आकडा, मर्यादेत बसतो असं दाखवायचं. पातळ केल्याने लिटरमागे आकडा कमी होतो, एकूण किती किलो घाण व्हाळात गेली ते तेवढंच राहतं. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला फिनॉलची मर्यादा लिटरला १ मिलिग्राम आहे, पिण्याच्या पाण्याला ०.००१, मधे हजारपटीचं अंतर आहे आणि ते अंतर आपण नदीच्या भरवशावर सोडून दिलंय. पावसात नदी ते निभावते, मे महिन्यात कुठून निभावणार?

आता उरलेल्या पाण्याचं काय. समजा हजार लिटर घेतलं तर नऊशे लिटर साफ निघतं आणि शंभर लिटरमधे बहुतेक घाण आणि मायसेल झालेलं सर्फॅक्टंट गोळा होतं, ह्याला आम्ही रिजेक्ट म्हणतो. कुठलाही मेम्ब्रेनचा प्रकल्प बघायला गेलात तर साफ पाण्याचा ग्लास दाखवतील, तुम्ही रिजेक्ट कुठे जातो ते विचारा. ह्या पद्धतीत रिजेक्टमधून सर्फॅक्टंट परत मिळवता येतं ही चांगली बाजू आहे. उडून जाणारे पदार्थ असतील तर हवा किंवा व्हॅक्यूम लावून ते काढून घेता येतात, गार केलं की काही सर्फॅक्टंट खाली बसतात, सोडियम डोडेसिल सल्फेटमधे पोटॅशियम किंवा कॅल्शियमचं मीठ घातलं की त्याचा साका होतो. परत वापरलं नाही तर खर्च परवडत नाही, आणि परवडत नाही म्हटल्यावर मालक रात्री व्हॉल्व्ह खोलतो, हे मी कोणावर आरोप म्हणून लिहीत नाही, पण खर्चाचं गणित न बसणारा प्लांट बंदच पडतो हा अनुभव आहे. शेवटी जो खरोखरचा गाळ राहील तो घातक कचरा म्हणूनच नोंद होऊन पिसुर्लेच्या केंद्रात गेला पाहिजे, साध्या स्लजबरोबर नाही.

मेम्ब्रेन चोक होतं ही तक्रार पण खरी आहे. पृष्ठभागावर मायसेलचा थर जमतो, पाणी कमी यायला लागतं, ऑपरेटर प्रेशर वाढवतो, थर अजून घट्ट बसतो. त्यासाठी पाणी मेम्ब्रेनवर सरळ दाबायच्या ऐवजी आडवं वाहतं ठेवायचं, आधी सँड फिल्टर आणि ऑइल स्किमर म्हणजे वरचं तेल काढून घेणारं यंत्र नीट चालवायचे, आणि सीआयपी म्हणजे केमिकलने आतली धुलाई वेळच्या वेळी करायची. हे काम कॉन्ट्रॅक्टवरच्या रोज बदलणाऱ्या पोराकडून होत नाही, शिकलेला आणि टिकणारा ऑपरेटर लागतो, त्याला पगार लागतो. मशीनवर लाखो घालून ऑपरेटरवर पैसे वाचवायचे हा प्रकार मी इतक्या ठिकाणी बघितलाय की त्याचा राग अजून जात नाही.

दाबोळीसारखं परत झालं तर ही पद्धत विहिरीला उपयोगी आहे का, असं मला शेजाऱ्यांनी विचारलं म्हणून तेही लिहिते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते आधी वर थर करून राहतं, तो थर स्किमरने किंवा शोषून घेणाऱ्या पॅडने काढायचा, ते काम आग लागणार नाही अशा पंपाने आणि जाणकार माणसांनीच करायचं, घरची मोटर चालू करायची नाही. मग जे विरघळलेलं राहतं, त्यात बेंझिन सगळ्यात वाईट, एक लिटर पाण्यात ते पावणेदोन ग्रॅमपर्यंत विरघळू शकतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे ०.०१ मिलिग्राम. बेंझिन उडणारं असल्यामुळे उपसलेल्या पाण्यातून हवा सोडून ते काढणं आणि मग कार्बन, हा जास्त सरळ मार्ग आहे, तिथे मी सर्फॅक्टंटचा हट्ट धरणार नाही. डिझेल, इंजिन ऑइल, जुनं काळं तेल, जे उडत नाही आणि पाण्यात दुधासारखं मिसळून बसतं, तिथे मात्र अल्ट्राफिल्ट्रेशन खरं कामाला येतं. बोटींच्या बिल्ज पाण्याला समुद्रात सोडायची आंतरराष्ट्रीय मर्यादा १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग, तेलाची आहे, आणि ज्या बिल्जमधे खलाशांनी आधीच डिटर्जंट टाकलेलं असतं ते साध्या सेपरेटरने सुटत नाही, तिथे सर्फॅक्टंट आयतंच पाण्यात आहे, फक्त पुढे मेम्ब्रेन लावायची तेवढी बाकी आहे. बार्ज आणि ट्रॉलर आणि पर्यटनाच्या बोटी एवढ्या असलेल्या राज्यात जेटीवर असं एक केंद्र असायला नको का?

जमिनीत मुरलेल्या तेलाला पण सर्फॅक्टंट वापरतात. पाण्याबरोबर ते जमिनीत सोडायचं, मातीला चिकटलेलं तेल सुटं करायचं, दुसऱ्या बोअरमधून वर खेचायचं आणि वर मेम्ब्रेन लावून सर्फॅक्टंट परत मिळवायचं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लजून ह्या लष्करी तळावर ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट जमिनीत गेलं होतं, तिथे १९९९ मधे हे करून बघितलं गेलं. पण आपल्याकडे हे कोणी सुचवलं तर मी विरोध करेन. आपला जांभा दगड भोकाभोकांचा, पावसात पाणी कुठून शिरतं आणि कुठल्या झरीला निघतं ते गावच्या म्हाताऱ्या माणसांना पण सांगता येत नाही. सुटं केलेलं तेल दुसऱ्या बोअरमधून वर यायच्या ऐवजी खालच्या वाड्यावरच्या विहिरीत किंवा कोणाच्या कुळागराच्या म्हणजे बागायतीच्या पाटात निघालं तर काय करणार? आधी भूजलाचा नकाशा, मग बाकीचं. जमिनीच्या वर, टाकीत, पाइपात जे करायचं ते करा.

एक गोष्ट मला फार आशेची वाटते ती म्हणजे रिठा. रिठ्याच्या सालीतलं सॅपोनिन हे निसर्गातलं सर्फॅक्टंटच आहे, आपल्या आज्या केस आणि रेशमी साड्या त्यानेच धुवायच्या, आणि प्रयोगशाळेत ते प्रदूषित माती धुवायला आणि मेम्ब्रेनबरोबर वापरून बघितलं गेलंय. जिवाणूंपासून मिळणारं रॅम्नोलिपिड पण आहे, ते तर फार कमी प्रमाणातच मायसेल करतं म्हणजे गळतीचा प्रश्न हलका होतो. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक असं मी म्हणणार नाही, सॅपोनिन माशांना मारतं, पण जिवाणू ते लवकर तोडून टाकतात. आणि काजूच्या टरफलातल्या कार्डॅनॉलपासूनही सर्फॅक्टंट बनवता येतं. ज्या पदार्थाने आपल्याकडचं पाणी बिघडतं त्याच्यापासूनच पाणी साफ करायचं साधन, ह्यावर काम करायला गोव्याच्या मुलांइतकं हक्काचं कोण आहे सांगा. झुआरीनगरला बिट्समधे केमिकल इंजिनिअरिंग शिकवतात, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, दोनापावलाला एनआयओसारखी समुद्रविज्ञानाची संस्था आहे. मुलं दरवर्षी प्रोजेक्टला विषय शोधत फिरतात, त्यांना खरं सांडपाणी मिळत नाही, कारखाने गेटच्या आत घेत नाहीत, मग ती बिचारी लॅबमधे शुद्ध पाण्यात रंग मिसळून त्याच्यावर प्रयोग करतात. खऱ्या सांडपाण्यात मीठ असतं, गाळ असतो, दहा प्रकारची केमिकल असतात, तिथे आकडे वेगळे येतात.

म्हणून सरकारकडे आणि प्रदूषण मंडळाकडे माझी मागणी मोठी नाही. वेर्णा, कुंडई, कुंकळ्ळी, तुये ह्यांपैकी कुठल्याही एका वसाहतीत एका कारखान्याच्या एका कडक लाइनवर हा पायलट लावा, तासाला काहीशे लिटरचा, विद्यार्थ्यांना तिथे सॅम्पल घेऊ द्या, एक पूर्ण वर्ष चालवा म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही बघायला मिळेल. आत किती फिनॉल, बाहेर किती, बाहेर सर्फॅक्टंट किती, रिजेक्ट किती आणि तो कुठे गेला, हे चार आकडे दर महिन्याला पंचायतीच्या बोर्डवर लावा. नाही जमलं तर नाही जमलं असं लिहा, तेही कळणं उपयोगाचं आहे. कारखान्याला कन्सेंट म्हणजे चालवायची परवानगी देताना फक्त सीओडी बीओडी बघून भागणार नाही, जो कोणी सर्फॅक्टंट वापरेल त्याला बाहेर जाणाऱ्या पाण्यातलं डिटर्जंट मोजणं सक्तीचं पाहिजे. आणि ओपाच्या पाणी योजनेचा विचार वेगळा करा, खांडेपार नदीवरून तिसवाडी आणि फोंड्याला पाणी जातं आणि अनमोडवरून येणारा टँकरचा हायवे त्याच नदीच्या बाजूने आणि वरून जातो, एखादा टँकर नदीत उलटला तर पाणी उचलणं किती मिनिटांत बंद करायचं, कार्बन कुठून आणायचा, लोकांना कसं कळवायचं, हे कागदावर आणि माणसांच्या तोंडी तयार असलं पाहिजे. ते झाल्यावर मग मेम्ब्रेनवाली ट्रकवर बसवलेली फिरती यंत्रणा घ्यायचा विचार करावा, आधी घेऊन गॅरेजमधे गंजवू नका.

आणि ज्यांच्या विहिरीला आत्ता वास येतोय त्यांच्यासाठी शेवटचं. पाणी लॅबमधे द्याल तेव्हा नुसती पिण्यायोग्य आहे का ही नेहमीची टेस्ट मागू नका, त्यात पीएच, क्षार, जंतू येतात, इंधन येत नाही. बीटेक्स (म्हणजे बेंझिन, टोल्युइन आणि त्यांच्या जातीचे पदार्थ), टोटल पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि फिनॉल असं नाव घेऊन मागा. बाटली काचेची पाहिजे, बिसलेरीची रिकामी बाटली चालत नाही, आणि शक्यतो लॅबकडूनच मागून घ्या. इंधनाच्या टेस्टची बाटली काठोकाठ भरा, झाकण लावल्यावर आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये कारण बेंझिन त्या हवेत निघून जातं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. लगेच बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. विहिरीत डिटर्जंट, तुरटी, ब्लीचिंग काहीही टाकायच्या आधीचं सॅम्पल घ्या, एकदा टाकलं की मूळ पाण्यात काय होतं ते मग कोणालाच सांगता येत नाही.

आपली,
एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा